फातेमा इस्माईल

फातेमा इस्माईल या मुंबईतील समाजसेविका आणि राज्यसभेच्या नामनिर्देशित सदस्य होत्या. पोलिओमुळे अपंगत्व आलेल्या मुलांच्या पुनर्वसनाचे कार्य भारतात सुरू करणाऱ्या आरंभीच्या व्यक्तींमध्ये त्यांची गणना होते. स्वतःच्या मुलीच्या आजारपणातून त्या या कार्याकडे वळल्या. १९४७ साली त्यांनी मुंबईत ‘सोसायटी फॉर द रिहॅबिलिटेशन ऑफ क्रिपल्ड चिल्ड्रन’ ही संस्था स्थापन केली. १९५८ साली भारत सरकारने त्यांना पद्मश्री देऊन गौरविले.

पार्श्वभूमी

फातेमा यांचा जन्म १९०३ साली मुंबईतील सधन सोबानी कुटुंबात झाला. त्यांचे बंधू उमर सोबानी हे गिरणीमालक असूनही होमरूल आणि असहकार चळवळींचे खंदे समर्थक होते. ३१ जुलै १९२१ रोजी महात्मा गांधींच्या उपस्थितीत परदेशी कापडाची मोठी होळी झाली, ती परळ येथील त्यांच्याच गिरणीच्या आवारात. अशा घरात वाढलेल्या फातेमा पुढे अखिल भारतीय महिला परिषदेच्या कार्यातही सहभागी झाल्या.

मुलीचा आजार

१९४०च्या दशकात त्यांच्या लहान मुलीला पोलिओ झाला. या रोगावरील पहिली लस १९५५ साली उपलब्ध झाली. तोपर्यंत प्रतिबंधाचा खात्रीचा उपाय नव्हता. पोलिओचा विषाणू मज्जारज्जूतील स्नायूंचे नियंत्रण करणाऱ्या चेतापेशी नष्ट करतो. हातपाय लुळे पडतात. बुद्धी व संवेदना मात्र शाबूत राहतात. त्यानंतरचा इलाज म्हणजे महिनोन्‌महिने चालणारे व्यायाम, पायाला कॅलिपर आणि गरज पडल्यास शस्त्रक्रिया. मुलांसाठी अशी सोय भारतात फारच थोड्या ठिकाणी होती. फातेमा यांनी मुलीला मद्रासचे अस्थिरोगतज्ज्ञ डॉ. एम. जी. किणी यांच्याकडे नेले. त्यानंतर युद्धात जखमी झालेल्या सैनिकांसाठी पुण्यात असलेल्या लष्करी पुनर्वसन केंद्रातील उपचारांचाही त्यांनी मुलीला लाभ मिळवून दिला. सैनिकासाठी जे उपलब्ध होते ते सर्वसामान्यांच्या मुलांसाठी नव्हते, ही विसंगती त्यांना तेथे जवळून दिसली असणार.

त्यांच्याजवळ साधने होती, ओळखी होत्या. ज्या पालकांजवळ यांपैकी काहीच नव्हते, त्यांची मुले घरीच पडून राहत.

संस्था

१९४७च्या मे महिन्यात मुंबईत चौपाटी भागात पोलिओग्रस्त मुलांसाठी एक छोटे चिकित्सालय सुरू झाले. त्यातूनच पुढे हाजी अली येथील मुलांचे अस्थिरोग रुग्णालय उभे राहिले. संस्थेच्या नावातील ‘क्रिपल्ड’ हा शब्द आज अवमानकारक मानला जातो. त्या काळी तो सर्रास रूढ होता. अधिक लक्षणीय आहे तो त्यातील ‘पुनर्वसन’ या अर्थाचा शब्द. बरे होऊन घरी गेलेल्या मुलाला शाळेने नाकारले आणि मोठेपणी कोणी कामावर घेतले नाही, तर उपचार अपुराच राहतो. दीर्घ उपचारांत शाळेची वर्षे वाया जात. जिना चढता न येणाऱ्या मुलाला वर्गाची दारेही बंद असत. प्रौढ अपंगांना रोजगार मिळावा यासाठी पुढे त्यांनी ‘फेलोशिप ऑफ द फिजिकली हँडिकॅप्ड’ ही संस्थाही काढली.

मुंबईत याच दशकात आणखी एका आईने असाच मार्ग काढला होता. जय वकील यांनी डाऊन सिंड्रोम असलेल्या आपल्या मुलीसाठी १९४४ साली घरीच वर्ग सुरू केला; त्याचीच पुढे शिवडीची प्रसिद्ध विशेष शाळा झाली. भारतातील विशेष शिक्षणाच्या इतिहासात शासनाच्या आधी पालक पोहोचल्याची ही दोन ठळक उदाहरणे आहेत. १९५० साली अमलात आलेल्या राज्यघटनेच्या पंचेचाळिसाव्या अनुच्छेदाने चौदा वर्षांपर्यंतच्या सर्व मुलांच्या मोफत व सक्तीच्या शिक्षणाचे उद्दिष्ट राज्यापुढे ठेवले, पण अपंग मुलांचा त्यात वेगळा उल्लेख नव्हता. सर्वसाधारण शाळांत अशा मुलांना सामावून घेण्याची केंद्रीय योजना आली ती १९७४ साली.

राज्यसभा

१९७८ ते १९८४ या काळात त्या राज्यसभेच्या नामनिर्देशित सदस्य होत्या. संयुक्त राष्ट्रांनी जाहीर केलेले आंतरराष्ट्रीय अपंग वर्ष, १९८१, याच कारकिर्दीत आले. अपंग मुलांना अठराव्या वर्षापर्यंत मोफत शिक्षणाची हमी देणारा कायदा मात्र संसदेने १९९५ साली संमत केला. भारतात नैसर्गिक पोलिओ विषाणूचा अखेरचा रुग्ण जानेवारी २०११ मध्ये पश्चिम बंगालमधील हावडा जिल्ह्यात आढळला.