इचलकरंजीची ‘मीरा’

इचलकरंजी हे यंत्रमागांचे गाव. याच गावात 1945 साली शंकरराव कुलकर्णी यांनी सामान्य कुटुंबाला परवडेल अशी छोटी मोटार घडविण्याचा ध्यास घेतला. अभियांत्रिकीची पदवी त्यांच्यापाशी नव्हती. होती ती यंत्राची उपजत जाण आणि पदरमोड करण्याची तयारी. 1949 मध्ये त्यांची पहिली दोन आसनी गाडी तयार झाली. तिचे नाव ‘मीरा’.

पुढील सुमारे पाव शतक ते तिच्यात सुधारणा करीत राहिले. गाडी हलकी ठेवली, इंजिन मागे नेले, धक्के झेलण्यासाठी रबराची योजना केली. प्रत्येक निर्णयामागे काटकसरीचा हिशेब होता. दोघांची गाडी चौघांची झाली आणि सत्तरीच्या दशकात तिची अपेक्षित किंमत सुमारे 12 हजार रुपये होती.

तथापि, 1951 च्या उद्योग नियमन कायद्यान्वये अशा उत्पादनासाठी परवाना अनिवार्य होता. छोट्या मोटारीची गरज सरकारला मान्य होती. परंतु ‘मीरा’ला परवाना लाभला नाही. अखेर डिसेंबर 1983 मध्ये जनतेची म्हणून जी मोटार आली, ती जपानी सुझुकीच्या तंत्रावर उभी होती.

परकीय तंत्र स्वीकारण्यात कमीपणा नाही. हाताने घडविलेला नमुना आणि कारखान्यातील उत्पादन यांत मोठे अंतर असते, हेही खरे. ‘मीरा’ ते अंतर कापू शकली असती की नाही, हे कोणी सांगू शकणार नाही. ते आजमावण्याची संधीच तिला मिळाली नाही, हे खरे शल्य. संशोधकाला नुसत्या कौतुकाने बळ मिळत नाही. त्याच्यासाठी दार वेळेवर उघडावे लागते.