संत योहान बॉस्को आणि उमेदवारांचा करारनामा

संत योहान बॉस्को यांचे नाव आपल्या लोकांस नवे नाही. त्यांच्या तसबिरी आपल्या घराघरांतून आहेत, त्यांच्या स्वप्नांच्या कथा धर्मशिक्षणाच्या वर्गांत आपण लहानपणी ऐकल्या आहेत, आणि जत्रेत डोंबाऱ्याचे खेळ शिकून ते इतर मुलांस दाखविणारा व खेळ संपल्यावर त्यांच्याकडून प्रार्थना म्हणवून घेणारा योहान कोणाच्याही स्मरणातून जावयाचा नाही. परंतु या महोत्सवी पुस्तिकेसाठी त्यांचे चरित्र लिहावयास बसलो तेव्हा स्वप्ने व चमत्कार थोडे बाजूस ठेवून, मुद्रांकाच्या कागदावर लिहिलेल्या एका करारनाम्याकडे वाचकांचे लक्ष वेधावे असे मनात आले. आपल्या धर्मग्रामातील कितीतरी घरांत मुलगा कोणत्या कामाला लावावा व कोणाच्या हाताखाली ठेवावा ही चिंता असते. या चिंतेचा ज्या सत्पुरुषाने इतक्या बारकाईने विचार केला, त्याच्या आयुष्याची ही बाजू आपणांस ठाऊक असणे बरे.

योहानचा जन्म 16 ऑगस्ट 1815 रोजी इटलीच्या पिडमाँट प्रांतात, कास्तेलनुओवो गावाजवळील बेक्की या वाडीत एका गरीब शेतकऱ्याच्या घरी झाला. तो दोन वर्षांचाही नव्हता तोच पिता फ्रान्सिस्को निवर्तले. माता मार्गारिता हिने सावत्र मुलासह तीन मुलांचा संसार ओढला. नवव्या वर्षी पडलेले ते प्रसिद्ध स्वप्न, थोरल्या सावत्र भावाचा शिक्षणाला विरोध, आणि त्यापायी घर सोडून मोल्या नावाच्या कुटुंबाच्या शेतावर गडी म्हणून काढलेले दिवस, हे सर्व वाचकांस ठाऊकच आहे. पुढे शिक्षण सुरू झाले. पण ते फुकट मिळाले नाही. कास्तेलनुओवो येथे एका शिंप्याच्या घरी राहून त्याने सुईदोरा हाती घेतला, लोहाराच्या भात्यापाशी उभे राहून घण मारला. किएरी गावी शाळेत असता एका कॉफीच्या दुकानात काम करून तो मिठाई करावयास शिकला. एके दिवशी याच हातांनी आपल्याला इतर मुलांच्या हाती हत्यारे द्यावयाची आहेत, याची त्या मुलास काय कल्पना असणार! ज्याला पुढे कारागिरांचा पिता व्हावयाचे होते त्याने स्वतः पोटासाठी कारागिरी केली होती, एवढे मात्र ध्यानात ठेवावे.

1835 साली योहान किएरीच्या सेमिनरीत दाखल झाला आणि 5 जून 1841 रोजी तुरिन शहरी त्याची गुरुदीक्षा झाली. इटलीत धर्मगुरूंस ‘डॉन’ असे आदराने म्हणतात. त्या दिवसापासून योहान बॉस्को हे डॉन बॉस्को झाले.

तरुण डॉन बॉस्को यांस त्यांचे मार्गदर्शक डॉन काफास्सो यांनी तुरिनचे तुरुंग दाखविले. तेथे त्यांनी काय पाहिले? बारा ते अठरा वर्षांची धडधाकट, चलाख मुले गजांआड बसली होती, आणि सुटून गेलेली पुन्हा तेथेच परत येत होती. शहर वाढत होते, नवी घरे उठत होती, डोंगराळ भागांतून आणि दूरच्या खेड्यांतून गवंड्यांच्या हाताखाली काम करणारी, धुराडी साफ करणारी मुले एकेकटी शहरात येत होती. त्यांना घर नव्हते, ओळखीचा माणूस नव्हता, रविवारी जावयास जागा नव्हती. त्यात 1844 साली पिडमाँटच्या राजाने कारागिरांच्या जुन्या श्रेणी मोडून टाकल्या. या श्रेणींत दोष पुष्कळ होते. परंतु कोणी उस्तादाने उमेदवारास किती वर्षे ठेवावे, काय शिकवावे, यांस काही रीत तरी होती. ती गेल्यावर उस्ताद आणि पोरगा यांच्यामध्ये कोणीच उरले नाही. उमेदवार म्हणून ठेवलेला मुलगा वर्षभर केर काढी, मालकिणीचे पाणी भरी, निरोप पोहोचवी, मार खाई, आणि वर्षाअखेर त्याला रंधा धरता येत नसे.

8 डिसेंबर 1841 रोजी, पवित्र मारियेच्या निष्कलंक संभवाच्या सणाच्या दिवशी, असिसीच्या संत फ्रान्सिसच्या देवळात डॉन बॉस्को मिस्सेची तयारी करीत असता आस्ती गावचा बार्तोलोमेओ गारेल्ली नावाचा सोळा वर्षांचा पोरका मुलगा तेथे आला. मिस्सेची सेवा करता येत नाही म्हणून देवळाच्या सेवकाने त्याला मारून हाकलले. डॉन बॉस्कोंनी त्याला परत बोलावून घेतले आणि आपलासा केले. त्याला लिहिता-वाचता येत नव्हते. त्या एका मुलापासून ‘ओरातोरी’ सुरू झाली, म्हणजे रविवारी व सणाच्या दिवशी मुलांनी एकत्र येण्याची, प्रार्थनेची, खेळाची आणि शिकण्याची जागा. जागांवरून जागा बदलत अखेर 12 एप्रिल 1846 च्या ईस्टरला ती वाल्दोक्को भागात पिनार्दी नावाच्या गृहस्थाच्या एका बसक्या छपरीत स्थिरावली. त्याच वर्षी डॉन बॉस्को आजारातून कसेबसे वाचले व नोव्हेंबरात माता मार्गारिता आपले गाव सोडून त्या मुलांची आई होण्यास आली.

येथे एक गोष्ट सांगावीशी वाटते. रविवारी खेळवून, धर्मोपदेश करून मुलांस सोडून द्यावे आणि सोमवारपासून त्यांचे काय होते ते न पाहावे, असे डॉन बॉस्कोंनी केले नाही. आठवड्यात ते स्वतः कारखान्यांत, दुकानांत, बांधकामावरच्या परातींपर्यंत जात. मुलाची विचारपूस करीत आणि मालकाशीही दोन शब्द बोलत. मालकांस प्रथम नवल वाटले असेल, पण पाठीशी कोणी धर्मगुरू असलेला मुलगा त्यांस अधिक भरवशाचा वाटू लागला. रात्रीच्या वर्गांत मुले वाचन, हिशोब शिकत. पिडमाँटमध्ये 1850 पासून नवी दशमान वजने-मापे सक्तीची व्हावयाची होती, तेव्हा 1849 साली डॉन बॉस्कोंनी त्यांवर एक सोपे पुस्तक छापले. ज्या उमेदवाराला नवी मापे येत होती त्याची किंमत त्याच्या उस्तादालाही कळली असणार. 1850 साली त्यांनी मुलांचे परस्पर साहाय्याचे मंडळ काढले: प्रत्येकाने दर रविवारी एक सोल्दो द्यावा आणि आजारी पडलेल्या सभासदास रोज 50 सेंतेसिमी मिळावेत. शंभर सेंतेसिमींचा एक लिरा होई.

आता त्या करारनाम्याकडे वळू. नोव्हेंबर 1851 मध्ये काचकाम करणारे कार्लो आयमिनो आणि ओरातोरीतील मुलगा ज्युसेप्पे बोर्दोने यांच्यामध्ये डॉन बॉस्कोंच्या मध्यस्थीने करार झाला. त्यात तीन वर्षांची उमेदवारी ठरली. पहिल्या वर्षी रोज एक लिरा, दुसऱ्या वर्षी दीड, तिसऱ्या वर्षी दोन लिरा, आणि वर्षातून पंधरा दिवस सुटी. 8 फेब्रुवारी 1852 रोजी सुतारकामाचे उस्ताद ज्युसेप्पे बेर्तोलिनो आणि ज्युसेप्पे ओदास्सो या मुलामध्ये दुसरा करार झाला. 40 सेंतेसिमींच्या मुद्रांकाच्या कागदावर, ओरातोरीच्या घरात बसून तो लिहिला गेला. दोन वर्षांची मुदत ठरली. मजुरी पहिल्या सहा महिन्यांत रोज 30 सेंतेसिमी, पुढच्या सहा महिन्यांत 40, आणि 1853 च्या आरंभापासून अखेरपर्यंत 60.

मजुरीचे आकडे लहानच आहेत. माझ्या मते या कागदाचे मोल इतर कलमांत आहे. उस्तादाने मुलाला सुतारकाम शिकवावे, त्याला आपल्या धंद्याच्याच कामात गुंतवावे, धंद्याबाहेरच्या कामांस लावू नये, आणि त्याच्या शक्तीबाहेरचे ओझे त्याच्यावर टाकू नये. चूक झाली तर शब्दांनी समज द्यावी, अन्य रीतीने नव्हे. म्हणजे हात उगारू नये. सणाचे दिवस मुलाला पूर्ण मोकळे असावेत, म्हणजे त्याला देवळात व रविवारच्या शाळेत जाता येईल. दुसऱ्या बाजूने मुलाने आज्ञाधारक, तत्पर असावे, कामाचे नुकसान केल्यास भरपाई द्यावी, आणि त्याच्या वर्तनाकडे डॉन बॉस्कोंनी लक्ष ठेवावे. मुलाचे वडील जामीन राहिले. उस्ताद, मुलगा, वडील आणि धर्मगुरू या सर्वांच्या सह्या खाली पडल्या.

ज्या काळात मुलाच्या पाठीत काठी घालणे हा उस्तादाचा हक्कच समजला जाई, त्या काळी एका सुताराने सरकारी मुद्रांकावर सही करून तो हक्क सोडला. केवळ दयेची विनंती केली असती तर ती पुढच्या महिन्यात विसरली गेली असती. डॉन बॉस्को शेतकऱ्याच्या घरचे होते. शब्द कागदावर उतरला की माणूस त्याला जपून वागतो हे त्यांस ठाऊक होते. आणि मालकास शत्रू मानून त्यांनी हे केले नाही. त्याचाही फायदा त्यांनी कागदात घातला होता: भरवशाचा, शिकलेला, पळून न जाणारा मुलगा. म्हणूनच मालक सही करावयास तयार झाले.

तथापि बाहेरच्या कारखान्यांत पाठविण्याचा मार्ग सर्व मुलांस साधला नाही. दिवसभर कानी पडणाऱ्या शिव्या, धर्माची थट्टा, वाईट संगत यांचा परिणाम संध्याकाळी घरी परतलेल्या मुलांच्या तोंडावरून दिसे. म्हणून 1853 साली डॉन बॉस्कोंनी आपल्याच घरात मोच्यांचे काम सुरू केले, एका अरुंद जागेत बाके टाकून, त्यामागून शिंप्यांचे. 1854 साली पुस्तकबांधणी, 1856 च्या अखेरीस सुतारकाम, 1862 साली छापखाना आणि त्याच वर्षी लोहारकाम. बांधणीच्या पहिल्या दिवशी शिकविणारा कोणी नव्हता. पिठाची खळ करून डॉन बॉस्कोंनी स्वतः फर्मे चिकटवून दाखविले आणि मातेच्या पिठाच्या डब्याला त्यामुळे गळती लागली, असे चरित्रकार सांगतात.

यापुढचा भाग चरित्रांत सहसा वाचावयास मिळत नाही. घरचे कारखाने निघाले म्हणजे अडचण संपली असे झाले नाही. शहरातून पगारावर आणलेले उस्ताद आपले काम उरकीत आणि मुलांकडे दुर्लक्ष करीत. कामाचा मक्ता त्यांनाच दिला तेव्हा ते मुलांस नोकरासारखे राबवू लागले. जो दोष बाहेर होता तोच घरात शिरला. नफ्याची वाटणीही करून पाहिली. अखेर हिशोब व देखरेख घराने आपल्याकडे घेतली, आणि 18 डिसेंबर 1859 रोजी स्थापन झालेल्या सलेशियन संस्थेतील, धर्मगुरू न झालेल्या बंधूंच्या हाती कारखाने हळूहळू आले. व्रतस्थ माणूस कारखान्यात लाकूड कापतो आणि खिळे जुळवितो, ही गोष्ट त्या काळी अनेकांस चमत्कारिकच वाटली असेल.

शहराच्या उद्योगाशी मात्र नाते तुटले नाही. ओरातोरीच्या पहिल्या मुलांपैकी कार्लो बुझ्झेत्ती हा गवंड्याच्या हाताखाली काम करणारा पोरगा पुढे बांधकामाचा ठेकेदार झाला, आणि ख्रिस्तजनांची साहाय्यकारिणी मारिया हिचे वाल्दोक्को येथील भव्य मंदिर, ज्याचा 9 जून 1868 रोजी अभिषेक झाला, ते त्यानेच बांधले. 1877 साली डॉन बॉस्कोंनी माथी गावचा कागदाचा कारखाना विकत घेतला. 1884 साली तुरिनमध्ये राष्ट्रीय प्रदर्शन भरले तेव्हा त्यांनी तेथे एक स्वतंत्र दालन उभारले. एका टोकास चिंध्यांचा लगदा, मग कागद, मग खिळ्यांची ओतणी, जुळणी, छपाई, आणि दुसऱ्या टोकास बांधलेले पुस्तक. काम करणारी सगळी त्यांचीच मुले. लोकांची तेथे गर्दी लोटली. परीक्षकांनी रौप्यपदक दिले. डॉन बॉस्को यांस ते मान्य झाले नाही. त्यांनी लेखी हरकत घेतली, सुवर्णपदकाची आपली योग्यता मांडली, आणि तसे होत नसेल तर कसलेच पदक नको असे कळविले. काही भाविकांस संताचे हे वागणे खटकते. मला तसे वाटत नाही. अनाथ मुलांनी केलेले काम आहे म्हणून त्याला दयेचे बक्षीस मिळावे, हे त्यांस नको होते.

1886 साली संस्थेच्या चौथ्या महासभेत कारागीर मुलांच्या शिक्षणाविषयी रीतसर नियम ठरले. धर्म व नीती, बुद्धीचे शिक्षण आणि धंद्याचे शिक्षण ही तिन्ही एकत्र चालावीत असा त्यांचा आशय होता. केवळ हात शिकवून मुलाला कारखान्याच्या दारात सोडावयाचे नाही, ही जी गोष्ट बेर्तोलिनोच्या कागदात चार ओळींत होती, ती आता सर्व घरांसाठी नियम झाली.

31 जानेवारी 1888 रोजी पहाटे डॉन बॉस्को तुरिन येथे प्रभुचरणी विलीन झाले. 2 जून 1929 रोजी त्यांस धन्य व 1 एप्रिल 1934 रोजी, ईस्टरच्या दिवशी, संत घोषित करण्यात आले. त्यांचे पुत्र आपल्या देशात प्रथम 1906 साली तंजावरास उतरले, आणि पुढे मुंबईतही आले. ओदास्सो आणि बेर्तोलिनो यांच्या सह्यांचा तो कागद सलेशियन संस्थेने जपून ठेवला आहे.