पाण्यातले थांबे घालून देणारे हॉल्डेन

दिवाळीच्या सुट्टीत मी एका वर्गमित्राबरोबर त्याच्या गावी, मुर्डेश्वरला गेलो होतो. त्याचे थोरले बंधू, ज्यांना आम्ही सगळेच अण्णा म्हणतो, नेत्राणी बेटाजवळ हौशी मंडळींना पाण्याखाली नेऊन आणतात. मी आपला होडीतच बसून होतो. पोहता येत असले तरी समुद्राची भीती वेगळी! वर येणारे अण्णा स्वच्छ पाण्यात दिसू लागले, आणि पाचेक मीटरवर नांगराचा दोर धरून थांबले ते थांबलेच. मला वाटले, काहीतरी बिघडले. मित्र मात्र निवांतपणे चुरमुरे खात होता. तीन मिनिटांनी अण्णा वर आले आणि त्यांनी मनगटावरचे जाडजूड घड्याळ दाखवले. ते घड्याळ नव्हतेच, एक लहानसा संगणक होता. कुठे आणि किती वेळ थांबायचे हे तो सांगतो.

हा हिशेब मुळात मांडला कोणी, हे शोधताना जॉन स्कॉट हॉल्डेन या स्कॉटिश डॉक्टरांची ओळख झाली. वाणिज्य शाखेच्या विद्यार्थ्याने शरीरशास्त्रज्ञाचे चरित्र लिहावे हे धाडसच. पण या गृहस्थांइतका चोख हिशेबनीस मला आमच्या पाठ्यपुस्तकांतही भेटलेला नाही.

हॉल्डेन यांचा जन्म १८६० साली एडिंबरोला झाला. घराणे मोठे, भाऊ रिचर्ड पुढे ब्रिटनचे युद्धमंत्री आणि लॉर्ड चॅन्सेलर झाले. जॉन मात्र १८८४ मध्ये वैद्यकाची पदवी घेऊन वाईट हवेच्या मागे लागले. डंडी शहरात ते रात्री गरिबांच्या कोंदट खोल्यांत जाऊन हवेचे नमुने गोळा करीत. शाळा झाल्या, गटारे झाली. नंतर ऑक्सफर्डला गेल्यावर त्यांचे लक्ष कोळशाच्या खाणींकडे वळले. १८९६ मध्ये वेल्समधील टायलर्सटाऊनच्या खाणीत स्फोट होऊन ५७ माणसे मेली. हॉल्डेन यांनी मृतदेह तपासले आणि दाखवून दिले की बहुतेकांना स्फोटाने नव्हे, तर मागे उरलेल्या कार्बन मोनॉक्साइड वायूने मारले होते. तो वायू माणसाला कसा लोळवतो हे पाहण्यासाठी त्यांनी त्याआधीच तो स्वतःच्या छातीत भरून घेतला होता आणि पाय लटपटेपर्यंत नोंदी केल्या होत्या. खाणीत उंदीर किंवा कॅनरी पक्षी बरोबर न्यावा, ही सूचना त्यांचीच. लहान जीवाला विष आधी बाधते, आणि माणसाला पळायला वेळ मिळतो.

आता पाण्याकडे येतो. त्या काळी पाणबुडे तांब्याचे शिरस्त्राण घालून उतरत आणि वरून पंपाने त्यांना हवा पुरवली जाई. खोल पाण्यात दाब वाढतो, म्हणून हवाही तेवढ्याच दाबाने द्यावी लागते. तिच्यातला नायट्रोजन रक्तात आणि ऊतींमध्ये विरघळून साठतो. माणूस झटकन वर आला की दाब उतरतो, आणि गोटी सोड्याची बाटली फोडल्यावर जे होते तेच अंगात होते. बुडबुडे सांध्यांत अडकले तर असह्य वेदना, मज्जारज्जूत अडकले तर पांगळेपणा, कधी मृत्यू. पुलांच्या पायासाठी दाबाच्या हवेत काम करणाऱ्यांनाही हाच रोग होई. ब्रुकलिन पुलाचे मुख्य अभियंता वॉशिंग्टन रोबलिंग १८७२ मध्ये याच दुखण्याने कायमचे खचले. बुडबुडे नायट्रोजनचे असतात हे फ्रान्सचे पॉल बेर यांनी १८७८ मध्ये सिद्ध केले होते. उपाय म्हणून सांगितले जाई ते एवढेच, की सावकाश आणि एकाच गतीने वर या.

१९०५ मध्ये ब्रिटिश नौदलाने खोल पाण्यातील कामासाठी समिती नेमली आणि हॉल्डेन कामाला लागले. लंडनच्या लिस्टर संस्थेत पोलादी कोठी होती. तिच्यात शेळ्या कोंडून हवेचा दाब वाढवायचा, काही वेळ ठेवायचा, मग निरनिराळ्या रीतींनी उतरवायचा. शेळीने पुढचा पाय उचलून धरला की तिचे काहीतरी दुखते, हे आमच्याकडे कोणीही गुराखी सांगेल. हॉल्डेन आणि त्यांचे सहकारी बॉयकॉट व डॅमंट हेच टिपत. काही शेळ्या लुळ्या पडल्या, काही मेल्या. मला ते वाचवेना. पण त्या शेळ्यांच्या जागी आधी माणसे होती, हेही विसरता येत नाही.

त्यांच्या ध्यानात आलेली गोष्ट मोठी गमतीची आहे. सुमारे ३३ फुटांवर दाब दोन वातावरणांइतका असतो. तेथे कितीही वेळ राहून पाणबुड्या सरळ वर आला, म्हणजे दाब दोनाचा एक झाला, तरी त्याला काही होत नसे. मग सहाचे तीन केले तर? शेळ्यांनी तेही सोसले. म्हणजे महत्त्व किती फूट चढलो याला नाही, दाब कोणत्या प्रमाणात घटला याला आहे. १६५ फुटांवर दाब सहा वातावरणे; तेथून माणसाने ६६ फुटांपर्यंत सरळ यावे आणि मग दर दहा फुटांवर थांबत, वरचे थांबे अधिकाधिक लांबवत यावे. एकाच गतीने हळूहळू येणारा माणूस खोल पाण्यात वेळ घालवतो आणि तेवढ्यात आणखी वायू साठवतो. सर्वांना सुरक्षित वाटणारी चाल जास्त धोक्याची निघाली!

दुसरा भाग हिशेबाचा. शरीराचा प्रत्येक भाग सारख्या वेगाने भरत नाही. रक्त लवकर भरते, चरबीला वेळ लागतो. हॉल्डेन यांनी शरीराचे पाच काल्पनिक कप्पे केले आणि ते निम्मे भरण्याचे काळ ५, १०, २०, ४० व ७५ मिनिटे धरले. पहिल्या पाच मिनिटांत निम्मे, पुढच्या पाचांत उरलेल्याचे निम्मे. घटत्या शिलकेवर घसारा काढणाऱ्या माझ्या वर्गबंधूंना हे समजावून सांगायला नको.

१९०६ मध्ये स्कॉटलंडच्या किनाऱ्याजवळ प्रत्यक्ष चाचणी झाली. डॅमंट आणि कॅटो २१० फुटांपर्यंत उतरून सुखरूप वर आले. हॉल्डेन यांनी आपला तेरा वर्षांचा मुलगा जॅक यालाही पाणबुड्याचा पोशाख चढवून उतरवले. पोशाख मापाचा नसल्याने आत पाणी शिरले. बापाचे हे वागणे मला अजून पटलेले नाही. मुलाने मात्र मनात अढी धरली नसावी, कारण तोही पुढे स्वतःवर असलेच प्रयोग करणारा शास्त्रज्ञ झाला. हेच ते जे. बी. एस. हॉल्डेन, जे १९५७ मध्ये भारतात आले, येथले नागरिक झाले आणि १९६४ मध्ये भुवनेश्वरला वारले.

१९०८ मध्ये ही कोष्टके छापून आली. त्यांचा उपयोग पाहायचा असेल तर लॉरेंटिक जहाजाचे पाहावे. १९१७ मध्ये आयर्लंडजवळ ते ३,२११ सोन्याच्या विटांसह बुडाले. १९२४ पर्यंत डॅमंट यांच्या पाणबुड्यांनी २५ सोडून सगळ्या विटा वर काढल्या, आणि एकही माणूस दगावला नाही.

हॉल्डेन यांचे बाकीचे आयुष्य थोडक्यात सांगतो. १९११ मध्ये विरळ हवेच्या अभ्यासासाठी अमेरिकेतील पाइक्स पीक शिखर, १९१५ मध्ये क्लोरीन वायूचा हल्ला झाल्यावर युद्धभूमी. १९३६ मध्ये, पंचाहत्तरीत, तेलाच्या कारखान्यांतील कामगारांना उष्माघात का होतो हे पाहायला ते इराणला जाऊन आले आणि परतल्यावर ऑक्सफर्डला मरण पावले.

त्यांचे आकडे जसेच्या तसे टिकले नाहीत. दोनास एक हे प्रमाण सर्व कप्प्यांना लागू पडेना. ७५ मिनिटांचा शेवटचा कप्पाही अपुरा ठरला. अमेरिकन नौदलाच्या वर्कमन यांनी १९६५ मध्ये प्रत्येक कप्प्याला खोलीनुसार वेगळी मर्यादा दिली. झुरिचच्या ब्यूलमन यांनी सोळा कप्पे केले, त्यांतला सर्वांत मंद ६३५ मिनिटांचा. १९८३ च्या सुमारास हा हिशेब बरोबर नेता येईल अशा उपकरणात बसला. अण्णांचे यंत्र दर काही सेकंदांनी पाण्याचा दाब मोजते, प्रत्येक कप्प्याची शिल्लक काढते आणि जो कप्पा मर्यादेच्या सर्वांत जवळ असेल त्यावरून ठरवते. न थांबता वर येण्याची मुदत उरली असेल तर ती मिनिटे दाखवते. संपली तर किती मीटरवर किती वेळ थांबायचे ते सांगते, आणि त्याहून वर गेल्यास ओरडते. मी पाहिलेला तीन मिनिटांचा थांबा मात्र सक्तीचा नव्हता, केवळ जास्तीची काळजी होती.

हे यंत्र ओळखते ते फक्त खोली आणि वेळ. पाणबुड्या थकलेला आहे, रात्री झोपलेला नाही, थंडीने कुडकुडतो आहे, यातले काही त्याला ठाऊक नसते. एकाच कोठीतून एकाच वेळी काढलेल्या दोन शेळ्यांपैकी एक उड्या मारी आणि दुसरी पाय उचलून उभी राही, हे हॉल्डेन यांनी पाहिलेच होते. अण्णांनी हॉल्डेन यांचे नाव कधी ऐकले नव्हते. पण घड्याळाने मोकळे केले तरी ते आणखी दोन मिनिटे दोर सोडत नाहीत, असे मित्राने मला परतीच्या बसमध्ये सांगितले.