जॅकी रॉबिन्सन ह्यांचें मौन व त्यांचें बोलणें

अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांत असा रिवाज आहे कीं, खेळाचा मोठा सामना सुरू होण्यापूर्वीं मैदानावर निशाण फडकतें, राष्ट्रगीत होतें, आणि खेळाडू व प्रेक्षक सर्व उठून उभे राहतात. त्या गीतास राष्ट्रगीताचा मान कायद्यानें इ. स. १९३१ मध्यें मिळाला, आणि दुसऱ्या महायुद्धाच्या दिवसांत तें सामन्यापूर्वीं गाण्याची चाल पक्की झाली. नेमक्या ह्याच घटकेस कांहीं कृष्णवर्णी खेळाडूंनीं आपल्या लोकांवर होणारा अन्याय जगापुढें मांडला आहे. इ. स. १९६८ च्या ऑक्टोबर महिन्यांत मेक्सिको शहरीं ऑलिंपिक सामने चालले होते. तेथें टॉमी स्मिथ व जॉन कार्लोस ह्या धावपटूंनीं, गळ्यांत पदकें असतां व राष्ट्रगीत चाललें असतां, माना खालीं घालून काळा हातमोजा चढविलेली मूठ वर केली. त्यांस संघांतून काढून परत पाठविण्यांत आलें. इ. स. २०१६ मध्यें कॉलिन केपर्निक नांवाच्या फुटबॉलच्या खेळाडूनें गीताच्या वेळीं गुडघा टेकला. त्या हंगामानंतर त्यास कोणत्याही संघानें ठेवून घेतलें नाहीं. पुष्कळांनीं ह्या सर्वांस देशाचे वैरी ठरविलें.

असा निकाल देण्यापूर्वीं त्याच देशांतील एका खेळाडूचें चरित्र जाणून घेणें अगत्याचें आहे. सोसण्याच्या बाबतींत त्याची बरोबरी करणारे थोडेच सांपडतील. तरी त्यानेंही आयुष्याच्या शेवटीं लिहून ठेवलें कीं, त्या गीतासाठीं उठून उभें राहणें व तें गाणें आतां आपणांस शक्य नाहीं.

जॅकी रॉबिन्सन ह्याचा जन्म इ. स. १९१९ च्या जानेवारी महिन्याच्या ३१ व्या तारखेस जॉर्जिया संस्थानांतील कैरो ह्या गांवाजवळ झाला. पांच भावंडांत तो सर्वांत धाकटा. बाप एका गोऱ्या जमीनदाराची शेती वाट्यानें करीत असे. जॅकी वर्षाचा होण्यापूर्वींच बाप घर सोडून गेला, तो परत आला नाहीं. त्याची आई मॅली ही मोठी धीराची व देवावर भरंवसा ठेवणारी बाई होती. इ. स. १९२० मध्यें पांचही लेंकरें घेऊन ती आगगाडीनें दूर कॅलिफोर्निया संस्थानांतील पॅसाडेना शहरीं गेली, आणि गोऱ्यांच्या घरीं धुणेंपुसणें करून तिनें संसार चालविला. पुढें गोऱ्यांच्या वस्तींत तिनें एक घर घेतलें, तेव्हां शेजाऱ्यांनीं तिला तेथून उठवून लावण्याचे पुष्कळ यत्न केले. ती भांडली नाहीं, आणि हललीही नाहीं. जॅकीचा पहिला धडा हाच.

त्या शहरांतील सार्वजनिक पोहण्याच्या तलावांत काळ्या मुलांस आठवड्यांतून एकच दिवस उतरूं देत. नाटकगृहांत त्यांच्या जागा निराळ्या असत. वेगळें पाणी व वेगळी बैठक म्हणजे काय, हें आमच्या वाचकांस समजावून सांगावयास नको. जॅकीचा वडील भाऊ मॅक हा इ. स. १९३६ मध्यें बर्लिन येथील ऑलिंपिक सामन्यांत दोनशें मीटरच्या शर्यतींत सुप्रसिद्ध जेसी ओवेन्स ह्यांच्या मागोमाग दुसरा आला. देशाचें नांव राखून तो घरीं परतला, तेव्हां त्यास काम मिळालें तें शहरांतील रस्ते झाडण्याचें. ऑलिंपिक संघाचा अंगरखा अंगांत घालून तो झाडू मारी. धाकट्या भावानें हें आपल्या डोळ्यांनीं पाहिलें.

जॅकी वयांत आला तेव्हां तापट होता, आणि गल्लींतील उनाड पोरांच्या टोळींत वावरत असे. त्याच सुमारास तेथील मेथडिस्ट मंडळींत कार्ल डाउन्स नांवाचे एक तरुण कृष्णवर्णी पाळक आले. त्यांनीं जॅकीस हुडकून काढलें. तरुण पोरांसाठीं मंडळीच्या आवारांत त्यांनीं खेळांची सोय केली, तेव्हां कांहीं वृद्ध सभासदांस तें रुचलें नाहीं. तथापि पोरें मंदिराकडे वळलीं. जॅकी शब्बाथ शाळेंत शिकवूं लागला. शनिवारीं फुटबॉल खेळून अंग ठणकत असतांही तो रविवारीं सकाळीं उठून वर्गावर जाई.

पुढें लॉस एंजेलिसच्या विद्यापीठांत ते एकदम चार खेळांत चमकले. असा मान तेथें पूर्वीं कोणी मिळविला नव्हता. युद्ध सुरू झाल्यावर इ. स. १९४२ मध्यें ते सैन्यांत दाखल झाले, व पुढील वर्षीं त्यांस सेकंड लेफ्टनंटचा हुद्दा मिळाला. इ. स. १९४४ च्या जुलै महिन्यांत टेक्सास संस्थानांतील छावणींत बस हांकणाऱ्यानें त्यांस मागच्या बांकावर जाण्यास फर्माविलें. सैन्याच्या गाड्यांत असा भेद नसावा असा हुकूम निघालेला त्यांस ठाऊक होता, म्हणून ते जागचे उठले नाहींत. त्यावरून पुढें त्यांच्यावर लष्करी खटला भरला गेला. नऊ अधिकाऱ्यांपुढें चौकशी होऊन ते निर्दोष सुटले. देशाचा गणवेश अंगावर असतां देशानेंच त्यांस आरोपी केलें, ही गोष्ट वाचकांनीं ध्यानांत ठेवावी.

आतां त्यांच्या आयुष्यांतील मुख्य गोष्टीकडे येऊं. बेसबॉल हा आपल्याकडील चेंडूफळीसारखा चेंडू टोलवून धांवण्याचा खेळ असून तो अमेरिकन लोकांस अतिशय प्रिय आहे. त्याच्या वरिष्ठ संघांत सुमारें साठ वर्षें एकही काळा मनुष्य घेतला गेला नव्हता. असा लेखी नियम कोठेंच नव्हता, पण तो सर्वजण पाळीत. काळ्यांचे संघ निराळे, प्रवास निराळा, मिळकतही थोडी. ब्रुकलिन येथील संघाचे चालक ब्रँच रिकी हे धार्मिक वृत्तीचे मेथडिस्ट गृहस्थ होते. आईस दिलेल्या वचनामुळें ते रविवारीं मैदानावर जात नसत. ही भिंत पाडण्याचें त्यांनीं मनांत घेतलें होतें. इ. स. १९४५ च्या ऑगस्ट महिन्याच्या २८ व्या तारखेस त्यांनीं रॉबिन्सन ह्यांस आपल्या कचेरींत बोलाविलें.

ती भेट सुमारें तीन तास चालली. रिकी ह्यांनीं कधीं हॉटेलांतील उर्मट कारकुनाचें, कधीं शिव्या देणाऱ्या खेळाडूचें सोंग घेऊन, पुढें काय काय सोसावें लागेल तें सर्व त्यांस ऐकविलें. पापिनी ह्या इटालियन ग्रंथकारानें लिहिलेल्या ख्रिस्तचरित्रांतील, एका गालावर मारणाऱ्यापुढें दुसरा गाल करण्याविषयींचा भागही त्यांनीं पुढें ठेवला. रॉबिन्सन ह्यांनीं विचारिलें कीं, आपणांस लढण्यास भिणारा मनुष्य पाहिजे आहे काय? त्यावर रिकी ह्यांनीं सांगितलें कीं, उलट न मारण्याइतकें धैर्य ज्याच्या अंगीं आहे असा मनुष्य पाहिजे. कारण त्यानें एकदां हात उगारला कीं, दार पुन्हां लागेल, आणि त्याच्यामागून येणारे सर्व बाहेरच राहतील. रॉबिन्सन ह्यांनीं वचन दिलें.

पहिलें वर्ष त्यांनीं कॅनडांतील मॉन्ट्रियल येथील संघांत काढलें. त्याच वर्षीं, इ. स. १९४६ मध्यें, रेचल इसम ह्या सुशिक्षित परिचारिकेशीं त्यांचें लग्न झालें, आणि तें लाविलें पाळक डाउन्स ह्यांनींच. इ. स. १९४७ च्या एप्रिल महिन्याच्या १५ व्या तारखेस ते ब्रुकलिनच्या वरिष्ठ संघांतून प्रथम मैदानांत उतरले. सभोंवार पंचवीस हजारांहून अधिक लोक होते, व त्यांत निम्म्याहून अधिक काळे होते असें सांगतात.

तें वर्ष कसें गेलें! फिलाडेल्फियाच्या संघानें, त्याच्या चालकाच्या चिथावणीनें, सबंध सामनाभर त्यांच्यावर अशा शिव्यांचा वर्षाव केला कीं, त्या येथें लिहितां येत नाहींत. जिवे मारण्याच्या धमकीचीं पत्रें आलीं. त्यांच्याच संघांतील कांहींनीं त्यांच्याबरोबर खेळण्यास हरकत घेतली. हॉटेलवाल्यांनीं संघास दारावरून परतविलें. धांवतां धांवतां प्रतिपक्षाचे खिळ्यांचे जोडे त्यांच्या पायांस लागले. स्वभाव पाहूं जातां ते प्रत्येक गोष्टीचा जाब विचारणारे. तरी ते गप्प राहिले, आणि उत्तर दिलें तें खेळानें. वर्षअखेर उत्तम नवीन खेळाडूचा मान त्यांस मिळाला. दोन वर्षांनीं, इ. स. १९४९ मध्यें, ते आपल्या सबंध विभागांतील सर्वश्रेष्ठ खेळाडू ठरले. दहा वर्षांत त्यांच्या संघानें सहा वेळां विभागाचें अजिंक्यपद व इ. स. १९५५ मध्यें राष्ट्राचें अजिंक्यपद मिळविलें. मुख्य म्हणजे दार उघडें राहिलें, आणि त्यांच्यामागून पुष्कळ कृष्णवर्णी खेळाडू आंत आले.

परंतु ह्या मौनाची किंमत लहान नव्हती, आणि ती त्यांच्या एकट्याच्या अंगावर पडली. इ. स. १९४८ मध्यें पाळक डाउन्स टेक्सासांत शस्त्रक्रियेनंतर वारले. त्यांचें वय अवघें पस्तीस होतें. काळे म्हणून त्यांची हेळसांड झाली, अशी रॉबिन्सन ह्यांची खात्री होती. ज्यांनीं त्यांस वाट दाखविली, तेच असे गेले.

इ. स. १९४९ मध्यें त्यांस राजधानींत एका सरकारी समितीपुढें साक्षीस बोलाविलें. प्रसिद्ध कृष्णवर्णी गायक पॉल रोबसन ह्यांच्या तोंडीं असें मत घातलें गेलें होतें कीं, काळे अमेरिकन रशियाविरुद्ध लढणार नाहींत. रॉबिन्सन ह्यांनीं तें मत खोडून काढलें, व आपल्या देशनिष्ठेची ग्वाही दिली. त्याच साक्षींत त्यांनीं हेंही बजाविलें कीं, काळ्यांवरील अन्याय ही कोणा परकीय पक्षानें रचलेली कथा नसून खरी गोष्ट आहे. वर्तमानपत्रांनीं पहिला भाग उचलून धरिला, दुसऱ्याकडे फारसें लक्ष दिलें नाहीं. पुढें आत्मचरित्रांत त्यांनीं लिहिलें कीं, आतां तसें बोलावणें आलें तर आपण जाणार नाहीं, आणि रोबसन ह्यांच्याविषयीं आपला आदर वाढला आहे.

इ. स. १९५६ च्या हंगामानंतर ते खेळांतून निवृत्त झाले, पण स्वस्थ बसले नाहींत. काळ्यांच्या हक्कांसाठीं झटणाऱ्या संस्थेकरितां ते गांवोगांव फिरून पैसा जमवीत. इ. स. १९६२ मध्यें जॉर्जिया संस्थानांत, म्हणजे त्यांच्या जन्मभूमींत, मतदानाच्या हक्काची चळवळ चालली असतां काळ्या लोकांचीं प्रार्थनामंदिरें जाळण्यांत आलीं. तीं पुन्हां बांधण्याच्या निधीचें काम डॉ. मार्टिन ल्यूथर किंग ह्यांच्या विनंतीवरून त्यांनीं अंगावर घेतलें. इ. स. १९६४ मध्यें न्यूयॉर्कच्या हार्लेम भागांत काळ्यांच्या मालकीची एक बँक उभी करण्यांतही ते पुढारी होते. गरिबांस कर्ज मिळावें व त्यांचें घर व्हावें, हा तिचा उद्देश होता.

त्यांचा थोरला मुलगा व्हिएतनामच्या युद्धांत जखमी झाला. घरीं आल्यावर तो मादक पदार्थांच्या नादीं लागला. मोठ्या यत्नानें तो त्यांतून सुटला, आणि दुसऱ्यांस सोडवूं लागला, तोंच इ. स. १९७१ मध्यें मोटारीच्या अपघातांत गेला. त्याचें वय २४ वर्षांचें होतें.

इ. स. १९७२ च्या ऑक्टोबर महिन्याच्या १५ व्या तारखेस, ते प्रथम मैदानांत उतरल्यास पंचवीस वर्षें झालीं म्हणून, सिनसिनाटी येथें राष्ट्रीय अजिंक्यपदाच्या सामन्यापूर्वीं त्यांचा सत्कार झाला. मधुमेहानें त्यांची दृष्टि जवळजवळ गेली होती, केंस पांढरे झाले होते. त्यांनीं आभार मानिले, आणि सर्वांसमक्ष सांगितलें कीं, एखादा काळा मनुष्य संघाचा चालक झालेला दिसेल तेव्हां आपणांस अधिक आनंद होईल. त्यानंतर नऊ दिवसांनीं, २४ व्या तारखेस, वयाच्या ५३ व्या वर्षीं ते वारले. त्यांची इच्छा इ. स. १९७५ मध्यें पुरी झाली. त्या वर्षीं फ्रँक रॉबिन्सन हे पहिले कृष्णवर्णी चालक झाले.

त्यांचें आत्मचरित्र इ. स. १९७२ मध्यें प्रसिद्ध झालें. त्यांत इ. स. १९४७ च्या अंतिम सामन्यांचा पहिला दिवस त्यांनीं वर्णिला आहे. निशाण फडकत होतें, राष्ट्रगीत वाजत होतें, आणि तो क्षण आपल्यासाठीं गौरवाचा असावयास हवा होता, असें ते म्हणतात. त्यापुढें ते लिहितात कीं, इतक्या वर्षांनंतर आतां आपणांस उभें राहून तें गीत गातां येत नाहीं व निशाणास वंदन करितां येत नाहीं, कारण गोऱ्यांच्या ह्या जगांत आपण काळेच आहों हें आपण जाणून आहों.

हें वाचून कोणी म्हणेल कीं, जो इतका सहनशील होता तो शेवटीं कडवट झाला. तसें नव्हे. त्यांनीं मौन धरिलें तें अन्याय मान्य म्हणून नव्हे, तर मागून येणाऱ्यांस वाट मिळावी म्हणून. दार उघडल्यावर पाहिलें तों आंत येण्याची परवानगी कांहींजणांसच, आणि तीही चेंडू टोलवीपर्यंतच. मग बोलणें हेंच त्यांचें कर्तव्य झालें. गाल पुढें करणारा मनुष्य गालावर बसलेली चपराक योग्य होती असें म्हणत नाहीं. बसमध्यें न उठणें व गीतासाठीं न उठणें ह्या दोहोंच्या मुळाशीं एकच गोष्ट होती: देशानें सर्वांस दिलेलें वचन सर्वांस पाळावें. ज्यास देशाची पर्वा नाहीं, तो अशी मागणी करीत बसत नाहीं.

इ. स. १९९७ मध्यें त्यांचा ४२ हा आंकडा सर्व वरिष्ठ संघांनीं कायमचा राखून ठेविला. त्यापुढें तो कोणा नव्या खेळाडूस दिला गेला नाहीं. मेलेल्यांचा सन्मान करणें सोपें असतें. जिवंतपणीं जो गुडघा टेकतो किंवा मान खालीं घालतो, त्याचें ऐकून घेणें कठीण. म्हणून, वाचकहो, सर्व उभे असतां एखादा मनुष्य उभा राहिला नाहीं असें पाहण्यांत किंवा ऐकण्यांत आलें, तर त्यानें आजवर किती वेळ उभें राहून काय काय सोसलें आहे, हें आधीं विचारावें. निकाल देण्याची घाई करूं नये.