गूळ, साखर आणि कमलाबाईंचे मोजमाप

साखर वाईट आणि गूळ चांगला, हे आपल्याकडे इतके पक्के झाले आहे की आखाजीच्या पुरणपोळीत गूळ घातलाय म्हटल्यावर मधुमेही माणूससुद्धा निर्धास्तपणे दुसरी पोळी वाढून घेतो. ओपीडीत निदान सांगून झाले की पुढचा प्रश्न ठरलेला असतो, साखर सोडली तर गूळ चालेल का? या प्रश्नाचे उत्तर शोधताना मला नेहमी एका मराठी शास्त्रज्ञ बाईंची आठवण होते. ताडगुळात काय आहे हे त्यांनी प्रयोगशाळेत तपासले होते, आणि पेशी ऊर्जा कशी मिळवते याचाही अभ्यास केला होता. त्या म्हणजे डॉ. कमला सोहोनी.

कमलाबाई माहेरच्या भागवत. लेखिका दुर्गाबाई भागवत त्यांच्या भगिनी. वडील नारायणराव आणि काका माधवराव दोघेही रसायनशास्त्रज्ञ, बंगळूरच्या टाटांच्या विज्ञानसंस्थेत शिकलेले. त्यामुळे घरात रसायनशास्त्राचे वातावरण होते. १९३३ मध्ये मुंबई विद्यापीठाच्या बी.एस्सी. परीक्षेत त्या पहिल्या आल्या आणि त्याच बंगळूरच्या संस्थेत त्यांनी अर्ज केला. संस्थेचे संचालक होते नोबेल विजेते सर सी. व्ही. रामन. मुलगी म्हणून त्यांनी प्रवेश नाकारला. कमलाबाई हटल्या नाहीत. थेट रामन यांना जाऊन भेटल्या आणि सत्याग्रहाची भूमिका घेतली. शेवटी प्रवेश मिळाला तो अटींवर. पहिले वर्ष परीक्षेवर, मार्गदर्शक सांगतील तेव्हा रात्रीही काम, आणि आपल्यामुळे पुरुष सहकाऱ्यांचे लक्ष विचलित होऊ द्यायचे नाही. हा अपमान त्या कधी विसरल्या नाहीत. पण वर्षभरातच त्यांच्या कामाने रामन यांचे मत बदलले आणि त्या संस्थेचे दार पुढे इतर मुलींसाठीही उघडले.

बंगळूरला श्रीनिवासय्या यांच्या मार्गदर्शनाखाली त्यांनी दूध, डाळी आणि कडधान्ये यांतल्या प्रथिनांवर काम केले. गरीब भारतीय माणसाला प्रथिने मिळतात ती इथूनच. १९३६ मध्ये एम.एस्सी. झाल्यावर त्या शिष्यवृत्तीवर इंग्लंडमध्ये केंब्रिजला गेल्या. जीवनसत्त्वांच्या शोधासाठी नोबेल मिळवणारे फ्रेडरिक हॉपकिन्स तिथे होते. कमलाबाईंनी बटाट्यावर काम करताना वनस्पतींच्या पेशींत सायटोक्रोम सी हे द्रव्य असल्याचे दाखवले. १९३९ मध्ये त्यांना पीएच.डी. मिळाली. प्रबंध होता अवघ्या चाळीसेक पानांचा. विज्ञानात पीएच.डी. मिळवणाऱ्या पहिल्या भारतीय स्त्रियांमध्ये त्यांची गणना होते.

सायटोक्रोम सी हे नाव अवघड असले तरी त्याचे काम आपल्या ताटाशी जोडलेले आहे. आपण खाल्लेल्या अन्नातून पेशीला ऊर्जा मिळते ती एका साखळीतून, आणि सायटोक्रोम सी ही त्या साखळीतली एक कडी. पोळीचा पिठूळपणा असो, साखर असो वा गूळ, पचनानंतर त्यातले बरेचसे ग्लुकोज होऊन रक्तात येते. ते गुळाच्या ढेपेतून आले की साखरेच्या पोत्यातून, हे पेशीला कळत नाही. रक्तातली साखर मोजणाऱ्या यंत्रालाही कळत नाही.

परदेशात राहणे शक्य असूनही कमलाबाई १९३९ मध्येच भारतात परतल्या. दिल्लीच्या लेडी हार्डिंग वैद्यकीय महाविद्यालयात त्यांनी जीवरसायनशास्त्राचा विभाग सांभाळला. पुढे कुन्नूरच्या पोषण संशोधन प्रयोगशाळेत जीवनसत्त्वांवर काम केले. १९४७ मध्ये मा. वि. सोहोनी यांच्याशी विवाह झाल्यावर त्या मुंबईला आल्या आणि विज्ञान संस्थेत शिकवू लागल्या. त्यांच्या विद्यार्थ्यांनी निवडलेले विषय पाहिले तर त्यांचा कल ध्यानात येतो : कडधान्ये, भाताचे पीठ, नीरा. हे सगळे गरिबाच्या घरातले पदार्थ.

कडधान्यांमध्ये ट्रिप्सिन या पाचक रसाला अडवणारी द्रव्ये असतात, म्हणून कच्ची किंवा अर्धवट शिजलेली डाळ पोटाला जड जाते आणि तिच्यातली प्रथिने पूर्ण अंगी लागत नाहीत. चांगली उष्णता मिळाली की ही द्रव्ये बऱ्याच अंशी निकामी होतात. पुरणाची डाळ बोटाने चुरडेपर्यंत शिजवायची, बेसनाचा खमंग वास सुटेपर्यंत लाडूचे पीठ भाजायचे, या आपल्या आयाआज्यांच्या सवयीमागे हेही शास्त्र आहे.

नीरेचे काम त्यांनी राष्ट्रपती डॉ. राजेंद्रप्रसाद यांच्या सूचनेवरून हाती घेतले. ताडामाडाचा हा ताजा रस पहाटे उतरवतात. उन्हे चढली की तो आंबू लागतो. कमलाबाईंना नीरेत अ आणि क जीवनसत्त्वे व लोह आढळले, आणि नीरा आटवून गूळ केल्यावरही त्यांतली काही टिकून राहतात असे दिसले. कुपोषित आदिवासी किशोरवयीन मुले आणि गर्भवती महिला यांच्या आहारात नीरेचा समावेश केल्यावर त्यांची प्रकृती सुधारली. या कामासाठी त्यांना राष्ट्रपती पुरस्कार मिळाला.

इथेच आपल्या प्रश्नाची गाठ आहे. ताडगूळ उपयोगी ठरला तो कोणासाठी? ज्यांच्या पोटात दिवसाला पुरेसे अन्नच जात नव्हते त्यांच्यासाठी. आपल्या जिल्ह्यात आजही धडगाव, अक्कलकुव्याच्या पाड्यांवर वजन न वाढणारी बाळे आहेत, आणि नंदुरबार-शहाद्याच्या वस्त्यांत पोट सुटलेले मधुमेही आहेत. पहिल्याला नाचणीच्या खिरीत चमचाभर गूळ आणि वर तूप घालणे योग्य. दुसऱ्याला तोच गूळ साखरेइतकाच भारी. शंभर ग्रॅम साखरेत सुमारे ४०० किलोकॅलरी असतात, गुळात सुमारे ३८०. गुळातली खनिजे खरी आहेत, पण ती पुरेशी मिळावीत एवढा गूळ खाल्ला तर आधी साखरच वाढेल. रक्त कमी आहे म्हणून नुसता गूळ खात राहणेही बरोबर नाही. सातपुड्यात सिकलसेलचे रुग्ण बरेच आहेत. रक्त का कमी आहे, हे आधी तपासूनच घ्यावे.

मग सणाला गोड करायचेच नाही का? करायचे, पण मोजून. जागतिक आरोग्य संघटनेच्या सल्ल्यानुसार प्रौढ माणसाने वरून घातलेली साखर दिवसाला साधारण २५ ग्रॅमच्या आत ठेवणे उत्तम. म्हणजे सपाट पाचसहा चमचे. मध आणि गूळही यातच धरायचे. आता पुरणाचा हिशोब करू. पाव किलो डाळीला पाव किलो गूळ घेतला आणि बारा पोळ्या झाल्या, तर एका पोळीत सुमारे २० ग्रॅम गूळ जातो. दोन पोळ्यांत मर्यादा ओलांडली. खापरावरचा मोठा मांडा आणि सोबत गोड आमरस असेल तर विचारायलाच नको. गूळ निम्मा केला की हाच आकडा १० ग्रॅमवर येतो. वेलची-जायफळ थोडे वाढवावे, चिमूटभर मीठ घालावे. पहिल्या वर्षी पाऊण प्रमाण, पुढच्या वर्षी निम्मे, असे उतरत गेले तर घरात कुरकुर होत नाही, कारण जीभ कमी गोडाला हळूहळू सरावते. आंबा गोड असेल तर रसात साखर घालूच नये.

खिरीला दूध जरा जास्त आटवले की दुधातलीच गोडी दाट होते. खीर कोमट वाढावी. तीच खीर गार केली तर कमी गोड लागते आणि हात साखरेकडे जातो. गुळाची खीर करताना गॅस बंद करून, दूध जरा निवल्यावर गूळ घालावा, नाहीतर दूध फाटते. दूध फाटू नये यासाठी कमलाबाईंनीही डोके लढवले होते. मुंबईच्या आरे दूध योजनेला त्यांनी त्याबाबत सल्ला दिला होता. शिऱ्यात शहाद्याचे पिकलेले केळे कुस्करून घातले तर निम्मी साखर पुरते. मात्र चिक्की आणि पाकातल्या लाडवांचे तसे नाही. पाक कमी केला तर ते वळतच नाहीत. तिथे प्रमाण कमी करण्याऐवजी आकार लहान करावा. आणखी एक, साखर पदार्थ टिकवते. कमी गोडाचे लाडू, बर्फी थोड्याच कराव्यात आणि लवकर संपवाव्यात.

खजुराच्या लाडवावर बाहेर साखरविरहित अशी चिठ्ठी असते. त्यात वरून साखर नसेलही, पण खजूर स्वतःच साखरेने भरलेला असतो. तंतू आहेत, म्हणून तो साखरेहून बरा, पण मधुमेह्याने एकच लाडू खावा. अशा चिठ्ठ्या वाचायला शिकवणे हेही कमलाबाईंनी आपले काम मानले. मुंबईच्या विज्ञान संस्थेचे संचालकपद त्यांच्याकडे यायला वर्षे लागली, तरी ते त्यांनी भूषवले. निवृत्तीनंतर त्या ग्राहक चळवळीत उतरल्या. कन्झ्युमर गायडन्स सोसायटी ऑफ इंडियाच्या त्या १९८२-८३ मध्ये अध्यक्ष होत्या आणि संस्थेच्या कीमत या नियतकालिकात सामान्य ग्राहकांसाठी लिहीत होत्या.

१९९८ मध्ये दिल्लीत त्यांच्या सत्काराच्या कार्यक्रमातच त्या कोसळल्या आणि नंतर त्यांचे निधन झाले. त्याच वर्षी १ जुलैला आपला नंदुरबार जिल्हा धुळ्यापासून वेगळा झाला. आपल्या जिल्ह्याला त्यांच्या कामाची गरज दोन्ही बाजूंनी आहे, उपाशी बाळासाठी आणि मधुमेही आजोबांसाठीही. कमलाबाईंनी गुळाला औषध म्हटले नाही आणि विषही म्हटले नाही. त्यात काय आहे ते मोजले, आणि कोणाला द्यायचा ते पाहिले. येत्या सणाला पुरण शिजत असताना गूळ डोळ्यांनी न घालता वाटीने मोजून घाला, आणि ताटावर बसणाऱ्यांतले कोण किती खाणार, हेही मनात ठेवा.