आर्थर एडिंग्टन : गुरुत्वाकर्षणाचे परीक्षक

आर्थर स्टॅन्ली एडिंग्टन यांचा जन्म २८ डिसेंबर १८८२ रोजी इंग्लंडमधील केंडल येथे, एका क्वेकर मुख्याध्यापकाच्या घरी झाला. ते दोन वर्षांचे होण्यापूर्वीच वडील विषमज्वराने निवर्तले. आईने काटकसरीने मुलांना वाढविले. शिष्यवृत्त्यांच्या बळावर केंब्रिजला पोहोचलेले एडिंग्टन १९१३ मध्ये तेथेच खगोलशास्त्राचे प्राध्यापक झाले.

पहिल्या महायुद्धात, शत्रुराष्ट्रातील आइन्स्टाइन यांचा व्यापक सापेक्षता सिद्धान्त त्यांनी इंग्लंडला समजावून दिला. शस्त्र धरण्यास त्यांची धर्मश्रद्धा आड येत होती. राजज्योतिषी फ्रँक डायसन यांच्या शिष्टाईने त्यांना लष्करभरतीतून सूट मिळाली, ती मुख्यतः ग्रहणाच्या कामासाठी. २९ मे १९१९ रोजी आफ्रिकेलगतच्या प्रिन्सिपे बेटावर, ढगांच्या फटींतून, त्यांनी खग्रास सूर्याभोवतीच्या ताऱ्यांची छायाचित्रे घेतली. ही आणि ब्राझीलमधील निरीक्षणे आइन्स्टाइन यांच्या १.७५ विकलांच्या भाकिताच्या बाजूने गेली.

तथापि, ज्या सिद्धान्ताचा पुरस्कार केला, त्याचीही त्यांनी गय केली नाही. समीकरणांतून गुरुत्वीय लहरींचे तीन प्रकार निघत होते. त्यांपैकी दोन केवळ मोजमापाच्या चौकटीतून उपजलेले आभास आहेत, हे त्यांनी १९२२ मध्ये दाखविले. उरलेली लहर खरी. ती प्रकाशाच्या वेगाने जाते आणि आपल्या मार्गाला काटकोनात अवकाश एकीकडे ताणते, दुसरीकडे आकसते. आइन्स्टाइन यांच्या सूत्रातील दुपटीची चूकही त्यांनी दुरुस्त केली. मात्र १९३५ मध्ये तरुण चंद्रशेखर यांच्या ताऱ्यांविषयीच्या निष्कर्षाला त्यांनी जाहीर विरोध केला आणि तेथे ते स्वतःच चुकले. २२ नोव्हेंबर १९४४ रोजी केंब्रिज येथे त्यांचे निधन झाले.

त्यांनी निवडलेल्या लहरीची परीक्षा पुढे निसर्गातच झाली. आइन्स्टाइन यांच्या मते या लहरींच्या ताणाच्या, म्हणजे ध्रुवीकरणाच्या, दोनच तऱ्हा संभवतात. अन्य सिद्धान्त सहापर्यंत तऱ्हांना वाव देतात. अमेरिकेतील दोन लायगो वेधशाळांच्या भुजा जवळपास सारख्याच रोखाच्या असल्याने त्यांना हा भेद पारखता येत नव्हता. १४ ऑगस्ट २०१७ रोजी इटलीतील व्हर्गो वेधशाळेनेही तीच लहर टिपली. तेव्हा कौल आइन्स्टाइन यांच्या बाजूने पडला. हा निवाडा अधिक काटेकोर करण्यासाठी निराळ्या रोखाच्या आणखी वेधशाळा हव्यात. हिंगोली जिल्ह्यातील औंढा नागनाथजवळची नियोजित लायगो-इंडिया त्यांपैकीच एक असेल. आवडत्या सिद्धान्तालाही कसोटीवर घासण्याचा एडिंग्टन यांचा वसा आता मराठी मुलुखातही चालविला जाईल.