ब्रामा प्रेसचा ब्रामा

पदार्थविज्ञानाच्या पुस्तकात ‘ब्रामा प्रेस’ची आकृती असते. एक अरुंद नळकांडे, एक रुंद नळकांडे, दोहोंत पाणी आणि खाली पास्कलचा नियम. ही आकृती काढून परीक्षेत चार-पाच गुण पदरात पाडून घेतलेले आपल्यात पुष्कळ असतील. पण हा ब्रामा कोण, असे विचारले तर बहुतेकजण डोके खाजवतील. नावावरून एखाद्याला ब्रह्मदेवच आठवायचा! वास्तविक मोटारीचा ब्रेक दाबणारा प्रत्येकजण या माणसाचा ऋणी आहे. त्याच्याबरोबर आणखीही एका कामगाराचे ऋण आपल्यावर आहे, पण त्याचे नाव त्या आकृतीखाली नसते.

जोसेफ ब्रामाचा जन्म १७४८ च्या सुमारास इंग्लंडमधील यॉर्कशायर परगण्यात, बार्न्सलीजवळच्या स्टेनबरो या खेड्यात एका शेतकऱ्याच्या घरी झाला. मुलाने नांगर धरावा, ही घरची अपेक्षा. पण सोळाव्या वर्षी त्याच्या घोट्याला जबर दुखापत झाली आणि तो कायमचा लंगडा झाला. शेतीची कष्टाची कामे त्याला जमेनात, म्हणून त्याला सुताराकडे उमेदवारीला ठेवण्यात आले. उमेदवारी संपल्यावर हा लंगडा तरुण नशीब काढायला लंडनला गेला.

लंडनमध्ये तो श्रीमंतांच्या घरी शौचकूप बसवण्याचे काम करी. त्या कामातले दोष रोज डोळ्यांसमोर होते. पाणी अडवणाऱ्या झडपेत सुधारणा करून त्याने १७७८ साली त्यावर पेटंट घेतले. पुढे आयुष्यात त्याने एकूण अठरा पेटंटे मिळवली. १७८४ मध्ये त्याने नव्या प्रकारचे कुलूप तयार केले. पिकॅडिलीतील आपल्या दुकानाच्या खिडकीत त्याने असे एक कुलूप टांगले आणि जो ते किल्लीवाचून उघडील त्याला दोनशे गिनी बक्षीस लावले. साठ वर्षे ते कोणालाही उघडता आले नाही. अखेर १८५१ च्या लंडनच्या जागतिक प्रदर्शनाच्या वेळी हॉब्ज नावाच्या अमेरिकन कुलूपतज्ज्ञाने सोळा दिवसांत मिळून सुमारे एक्कावन्न तास खटपट करून ते उघडले. तेव्हा ब्रामा हयात नव्हता.

या कुलुपाचे भाग इतके बारीक आणि अचूक लागत, की नेहमीच्या कारागिरांना ते साधेनात. म्हणून १७८९ मध्ये ब्रामाने वुलिचच्या तोफखान्यात लोहारकाम करणाऱ्या हेन्री मॉड्सले नावाच्या अठरा वर्षांच्या मुलाला बोलावून घेतले. बाराव्या वर्षापासून काडतुसांत दारू भरणारा हा मुलगा. जुन्या कारागिरांना त्याचे वय पाहून हसू आले. पण थोड्याच काळात तो साऱ्या कारखान्याचा मुकादम झाला.

१७९५ साली ब्रामाने जलदाबयंत्राचे पेटंट घेतले. तत्त्व नवे नव्हते. बंदिस्त द्रवावर दिलेला दाब सर्व दिशांना सारखाच पसरतो, हे पास्कलने सुमारे एकशे चाळीस वर्षांपूर्वी मांडले होते. लहान दट्ट्याच्या दहापट व्यासाचा मोठा दट्ट्या घेतला, तर क्षेत्रफळ शंभरपट होते आणि एक मण जोर लावून शंभर मण उचलता येतात. कागदावर हे सोपे. मग इतकी वर्षे हे यंत्र कामाला का लागले नाही?

कारण ते गळत होते. दाब वाढला की मोठ्या दट्ट्याच्या कडेने पाणी उसळून बाहेर येई. गळती थांबवण्यासाठी दट्ट्याभोवती घट्ट भरण ठासावे, तर दट्ट्या त्या भरणातच आवळला जाई आणि दाब काढला तरी खाली उतरत नसे. सैल ठेवावे तर गळती, घट्ट करावे तर अडकणूक, असा पेच पडला.

हा पेच मॉड्सलेने सोडवला, असे सॅम्युएल स्माइल्सने १८६३ सालच्या आपल्या चरित्रग्रंथात नोंदवले आहे. त्याने दट्ट्याभोवतीच्या खाचेत चामड्याचे एक कडे बसवले. त्याचा आकार वाटीसारखा पोकळ होता आणि पोकळ बाजू पाण्याकडे होती. पाण्याचा दाब आला की कड्याचे ओठ फाकतात आणि दट्ट्याला चिकटून बसतात. दाब जितका जास्त, तितकी पकड घट्ट. दाब गेला की ओठ सैल पडतात आणि दट्ट्या मोकळा होतो. जो दाब गळती करत होता, त्याच्याकडूनच गळती बंद करून घेतली. ब्रामाचे यंत्र खऱ्या अर्थाने चालू लागले ते या चामड्याच्या कड्यामुळे.

आणि या कामगाराचे पुढे काय झाले? त्याला आठवड्याला तीस शिलिंग मिळत. संसार वाढला होता, म्हणून १७९७ मध्ये त्याने पगारवाढ मागितली. ब्रामाने ती साफ नाकारली. मॉड्सले बाहेर पडला आणि त्याने स्वतःचा लहानसा कारखाना काढला. याच वर्षी ब्रामा जेम्स वॅटच्या वाफेच्या इंजिनावरील मक्तेदारीविरुद्ध न्यायालयाच्या वादात उतरला होता आणि त्याने सरन्यायाधीशांना उद्देशून पत्रही छापले होते. मोठ्यांच्या मक्तेदारीचा जाच ज्याला इतका जाणवत होता, त्याला आपल्याच मुकादमाची अडचण कळू नये, हा दैवदुर्विलास म्हणावा लागेल. नुकसान ब्रामाचेच झाले. मॉड्सलेने पुढे अचूक आटे पाडणारे लेथयंत्र आणि पोर्ट्‌समथच्या गोदीतील प्रसिद्ध यंत्रमालिका घडवली. नॅस्मिथ, व्हिटवर्थ यांसारखे नामवंत अभियंते त्याच्या हाताखाली तयार झाले.

तरीही ब्रामाची बुद्धी थकली नाही. बँक ऑफ इंग्लंडच्या नोटांवर क्रमांक छापणारे यंत्र त्याने १८०६ मध्ये दिले. शेवटी त्याच्या मृत्यूला त्याचेच आवडते यंत्र निमित्त झाले. हॅम्पशायरच्या होल्ट जंगलात जलदाबयंत्राने झाडे मुळासकट उपटण्याच्या कामावर देखरेख करताना त्याला थंडी बाधली आणि ९ डिसेंबर १८१४ रोजी त्याचा अंत झाला. पुढे १८४९ मध्ये ब्रिटानिया पुलाच्या प्रचंड लोखंडी नळ्या याच तत्त्वावरील यंत्रांनी उचलल्या.

विसाव्या शतकात हे तत्त्व मोटारीत आले. माल्कम लॉकहीडच्या जलदाब ब्रेकमध्ये आरंभी चामड्याच्याच वाट्या होत्या. १९२४ च्या क्रायसलर गाडीत त्यांच्या जागी रबरी वाट्या आल्या. अमेरिकेत जुन्या फोर्ड गाड्यांत दुसरे दणकट इंजिन घालून ‘हॉट रॉड’ तयार करणाऱ्या तरुणांनीही हाच मार्ग धरला. इंजिन आणि गिअरबॉक्स बदलले की क्लचच्या जुन्या लोखंडी दांड्या धुराच्या नळीला, नाहीतर स्टिअरिंगला अडतात. मग पेडलजवळ मास्टर सिलिंडर, गिअरबॉक्सवर स्लेव्ह सिलिंडर आणि दोहोंमध्ये हवी तशी वळवता येणारी नळी बसवतात. येथे पाठ्यपुस्तकातील गणित जिवंत होते. स्लेव्हचा व्यास मास्टरच्या दुप्पट घेतला तर जोर चौपट मिळतो आणि पेडल हलके होते. पण मास्टरचा दट्ट्या चाळीस मिलिमीटर सरकला तर स्लेव्हचा केवळ दहाच सरकतो. क्लच पुरता सुटत नाही आणि गिअर टाकताना दाते करकरतात. म्हणून क्लच सुटायला किती सरक लागते हे आधी मोजायचे आणि मग सिलिंडर निवडायचा. नळीत हवेचा बुडबुडा राहिला तरी तीच गत, कारण हवा दबते, तेल जवळजवळ दबत नाही. आणि आतली रबरी वाटी उलटी बसली किंवा तिचा ओठ चिरला, तर पेडल तळाला जाते आणि पास्कलचा नियम जागच्या जागी राहतो!

आपल्या बेळगावच्या उद्यमबागेत हायड्रॉलिक पंप आणि व्हॉल्व्ह तयार होतात. तेथील कोणत्याही जाणत्या कारागिराला विचारा, तो आधी सीलकडे बोट दाखवील. पास्कलने नियम सांगितला, ब्रामाने यंत्र कल्पिले, मॉड्सलेने ते गळू दिले नाही. तिघांपैकी एकालाही वगळून चालणार नाही. पुढच्या वेळी ब्रामा प्रेसची आकृती काढताना दट्ट्याच्या कडेला ते लहानसे कडेही काढावे. परीक्षक त्याला वेगळा गुण देतील न देतील. पण तीस शिलिंगांवर राबलेल्या त्या माणसाचे देणे तेवढ्यापुरते तरी फिटेल.